पत्ता नसलेली सत्ता

मार्च 1903 मध्ये ब्रिटिश फौज सोकोटोत शिरली आणि उत्तर नायजेरियाचा निकाल जवळजवळ लागला. सुलतान अत्ताहिरू निसटला होता. ब्रिटिश हाय कमिशनर फ्रेडरिक लुगार्डने त्याच्या गादीवर दुसरा सुलतान बसवला, आणि जुलैत बुर्मीच्या लढाईत अत्ताहिरू मारला गेला. बाकीच्या अमीर-उमरावांची गादी राहिली, काझी राहिले, वसुलीची माणसे राहिली. फक्त धनी बदलला. बेनिनचे राज्य त्याआधी सहा वर्षे, 1897 मध्ये, असेच संपले होते. शहर लुटले, जाळले आणि राजा ओवोनरामवेनला कालाबारला हद्दपार केले. नायजर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला इग्बो मुलूखही याच काळात, मॅक्झिम मशिनगनच्या जोरावर घ्यायला काढला होता. तिथे मात्र साहेबाला जवळपास दोन दशके लागली. एवढे करूनही 1929 च्या अखेरीस तो मुलूख काही आठवडे हातातून सुटल्यासारखा झाला, आणि तोही बायकांमुळे.

असे का झाले, याचे उत्तर शौर्यात शोधायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. सोकोटोचे घोडेस्वार भित्रे नव्हते आणि बेनिनचे लढवय्येही नव्हते. मला वाटते, इग्बो प्रतिकाराची ताकद आणि त्याची मर्यादा एकाच गोष्टीतून आली: सगळ्यांच्या वतीने शरण येऊ शकेल असा माणूसच त्यांच्यात नव्हता. ब्रिटिशांना तो घडवावा लागला. पुढच्या तीस वर्षांतला खरा झगडा बंदुकीपेक्षा या घडवलेल्या माणसाशी होता.

आपल्याला हे चटकन उमगत नाही, कारण आपली इतिहासाची सवय वेगळी आहे. प्रतिकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतो, गादी येते, सेनापती येतो आणि शेवटी तह येतो. पेशवाई कधी संपली हे आपण तारखेसह सांगू शकतो. जून 1818 मध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. इग्बोंची अशी तारीख कोणती, असे विचारले तर जाणकार इतिहासकारही गप्प बसेल. गावागणिक वेगळी तारीख द्यावी लागेल, आणि काही गावांच्या दोन-तीन.

ही व्यवस्था होती तरी कशी? इग्बोंना राजा नसतो, अशी त्यांचीच म्हण आहे. ती शब्दशः घेऊ नये. ओनित्शाला राजा होता, न्रीला धार्मिक अधिकार असलेला एझे होता. पण बहुतेक मुलखात गाव हीच सर्वांत मोठी राजकीय चौकट होती. गावात भावक्या. प्रत्येक भावकीतला वडीलधारा पूर्वजांच्या नावाने बोले, पण त्याचा शब्द हा हुकूम नसे. मोठा प्रश्न आला की गाव मोकळ्या जागेत जमे, ज्याला बोलता येते तो बोले, मग जाणती माणसे बाजूला जाऊन विचार करून येत आणि निकाल सांगत. सभेला तो पटला नाही तर पुन्हा चर्चा. समवयस्क तरुणांचे गट रस्ते साफ करणे, पहारा ठेवणे, दंड वसूल करणे ही कामे करत. ओझोसारखी मानाची पदवी पैसे खर्चून, जेवणावळी घालून मिळवावी लागे. ती प्रतिष्ठा देई. राज्य मात्र देत नसे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या माहेरवाशिणींचा आणि गावात नांदणाऱ्या सुनांचा असे बायकांचे दोन वेगळे संघ होते. बाजारावर, पिकांच्या नुकसानीवर, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यावर त्यांचा अधिकार चाले. भांडण गावाबाहेर गेले तर देवस्थानाकडे कौल लावायला जात.

यात राज्यकारभार भरपूर होता, फक्त त्याला पत्ता नव्हता. साहेबाने पत्र कोणाच्या नावे लिहायचे, दंड कोणाकडे मागायचा, करार कोणाशी करायचा, याची सोय नव्हती. साहेबाने त्याला अराजक म्हटले. परक्या मुलखात पत्ता सापडला नाही की तिथे कोणी राहतच नाही असे समजायची साम्राज्यांची खोड जुनी आहे.

पहिली मोठी चूक याच खोडीतून झाली. क्रॉस नदीच्या बाजूला आरोचुक्वु नावाचे ठिकाण होते. तिथल्या इबिनी उक्पाबी या देवस्थानाचा कौल दूरवर मानला जाई, आणि आरो लोकांचे व्यापारी जाळे साऱ्या पूर्व इग्बोलँडभर पसरले होते. त्या जाळ्यात गुलामांचा व्यापार मोठा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. देवस्थानाने दोषी ठरवलेली माणसे देवाने गिळली असे सांगत आणि त्यातली पुष्कळशी मागच्या वाटेने विकली जात. अबाम, ओहाफिया इथल्या भाडोत्री लढवय्यांना हाताशी धरून आरो व्यापारी विरोधकांची गावे उठवत. हाय कमिशनर सर राल्फ मूर यांनी यातून निष्कर्ष काढला की इग्बो मुलखाची राजधानी सापडली. ती पाडली की मुलूख आपला. गुलामगिरी बंद करणे हा जाहीर हेतू होता आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. पण किनाऱ्यावरच्या कंपन्यांना आतल्या पामतेलापर्यंत आरोंच्या मध्यस्थीशिवाय पोचायचे होते, हेही तितकेच खरे.

नोव्हेंबर 1901 मध्ये लेफ्टनंट कर्नल माँटॅनारोच्या हाताखाली चार बाजूंनी चार तुकड्या निघाल्या. सुमारे 1,550 शिपाई, 87 अधिकारी आणि दोन हजारांवर हमाल. डिसेंबरच्या अखेरीस आरोचुक्वु पडले, देवस्थान सुरुंगाने उडवले. मोहीम मार्च 1902 पर्यंत चालली. नंतर कळले की राजधानी पडली खरी, पण ती कुठल्याच राज्याची नव्हती. आरोंचे वजन व्यापाराचे आणि श्रद्धेचे होते. त्यांच्या पराभवाने शेजारच्या गावाला आपण हरलो असे वाटायचे काहीच कारण नव्हते. त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपला की गस्ती फौज निघू लागली. एक गाव जाळायचे, बंदुका गोळा करून मोडायच्या, पुढच्या गावाला जायचे. पुढच्या हंगामात पहिल्या गावाने पुन्हा रस्ता अडवलेला असे.

नायजरच्या पश्चिमेला, आसाबाच्या मागच्या मुलखात, याहून वेगळी गोष्ट घडत होती. तिथे एकुमेकु नावाची गुप्त संघटना उभी राहिली. गावोगावचे तरुण शपथ घेऊन तिच्यात येत, बेत रात्री ठरत, हल्ले रात्री होत, आणि दिवसा विचाराल तर कोणाला काही ठाऊक नसे. ब्रिटिश अधिकारी त्यांना मुके लोक म्हणू लागले. 1898 मध्ये इबुसाशी रॉयल नायजर कंपनीच्या पोलिसांची लढाई झाली तिथून हा संघर्ष पेटला आणि थांबत-भडकत 1911 च्या पुढेपर्यंत चालला. डॉन ओहाडिके यांनी या चळवळीचा इतिहास लिहिताना तिचा काळ 1883 ते 1914 असा धरला आहे. एका व्यापारी कंपनीविरुद्ध आणि नंतर सरकारविरुद्ध तीस वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. एकुमेकुचा रोख कंपनीच्या वखारींइतकाच मिशनच्या ठाण्यांवर आणि नव्या न्यायालयांवर होता. 1904 मध्ये गावे छुपे हल्ले सोडून आपापल्या वेशीवर उघड लढली आणि हरली. 1909 मध्ये ओग्वाशी-उकुला पुन्हा आग लागली.

एकुमेकुबद्दल लिहिणाऱ्यांना तिच्यात आधुनिक गनिमी कावा दिसतो. ते चूक नाही. मला त्यापेक्षा लक्षणीय वाटते ते हे, की इतकी वर्षे इतकी गावे एका शपथेत बांधली गेली आणि तरी त्यातून कोणी राजा उभा राहिला नाही. आपल्याकडे अशा चळवळीतून एखादे नवे घराणे सहज निघाले असते. तिथे पुढारी पकडून तुरुंगात घातले तरी चळवळ काही वर्षांनी दुसऱ्या गावात डोके काढी, कारण तिचे डोके असे एका जागी नव्हतेच.

ज्याला पुढारी सापडत नाही तो राज्यकर्ता सगळ्यांनाच शिक्षा करतो. नोव्हेंबर 1905 मध्ये डॉक्टर स्ट्युअर्ट नावाचा एक ब्रिटिश अधिकारी सायकलवरून जाताना वाट चुकला आणि अहियाराजवळच्या लोकांनी त्याला मारले. त्याचा बदला म्हणून निघालेल्या मोहिमेने, त्या माणसाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशीही गावे उद्ध्वस्त केली. चिन्वा अचेबे यांच्या 1958 मधल्या पहिल्या कादंबरीत एका गोऱ्या माणसाची सायकल झाडाला बांधून ठेवतात आणि पुढे ते सबंध गाव बाजाराच्या दिवशी गोळ्यांनी रिकामे होते. त्या प्रसंगामागे हीच घटना आहे, असे अभ्यासक मानतात. पुढे सामूहिक शिक्षेचा रीतसर कायदाच झाला. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी गावाला दंड. न्यायाच्या नावाने आणलेल्या राजवटीने स्वतःच कबूल केले की व्यक्ती कोण हे तिला ओळखता येत नव्हते.

पण दंड करून रोजचा कारभार चालत नाही. रस्ते बांधायला मजूर हवेत, खटले चालवायला कोणी हवे, हुकूम पोचवायला तोंड हवे. भारतातल्या संस्थानांत रेसिडेंट ठेवून राजांकरवी राज्य करण्याचा मोठा अनुभव ब्रिटिशांच्या गाठीशी होता, आणि लुगार्ड तर मद्रासला जन्मलेला, भारतात सैनिकी पेशा केलेला माणूस. देशी राजाच्या आडून राज्य करायची कल्पना त्याला पुढे उत्तर नायजेरियात फळली. इग्बो मुलखात राजा नव्हता, तेव्हा तो नेमायचे ठरले. 1900 आणि 1901 च्या जाहीरनाम्यांनी नेटिव्ह कोर्टे आली. त्या कोर्टांवर बसायची सनद म्हणजे वॉरंट ज्याला मिळाले तो वॉरंट चीफ, आपण सनदी मुखिया म्हणू. 

ही माणसे कशी निवडली याची हकिगत ए. ई. अफिग्बो यांनी या विषयावरच्या ग्रंथात दिली आहे. अधिकारी गावात येई आणि तुमचा प्रमुख कोण म्हणून विचारी. खरे वडीलधारे मागे सरत. गोऱ्यांनी पुढाऱ्यांना पकडून नेल्याच्या कहाण्या त्यांच्या कानी होत्या. कधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या माणसाला पुढे ढकलले जाई. कधी आधीच गोऱ्यांशी व्यवहार केलेला धीट माणूस स्वतःच पुढे येई. काही ठिकाणी खरोखरचे मान्यवरही सनद घेऊन बसले, पण मिळालेला अधिकार त्यांनाही परंपरेने कधी दिलेला नव्हता. अचेबे यांच्या दुसऱ्या एका कादंबरीतला पुजारी ही सनद नाकारतो म्हणून तुरुंगात जातो, हे वाचताना काही वाचकांना नवल वाटते. ज्या समाजात पुजाऱ्यालाही दुसऱ्यांच्या डोक्यावर बसायचा अधिकार नाही, तिथे नवल सनद घेणाऱ्याचे वाटायला हवे.

सनदी मुखियाच्या हातात तीन गोष्टी आल्या: खटले, वेठबिगार आणि वरच्याची मर्जी. 1903 च्या रस्ते आणि नद्यांच्या जाहीरनाम्याने त्याला गावकऱ्यांकडून सक्तीने काम करून घ्यायची मुभा दिली. कोर्टात कारकून इंग्रजी जाणणारा, म्हणून खरा मालक तोच; समन्स कोणावर काढायचे आणि कोणावर नाही हे तो ठरवी. कोर्टाचे शिपाई त्याच्या हुकमाचे. 1914 मध्ये उत्तर आणि दक्षिण नायजेरिया एक झाले आणि लुगार्डने कोर्टांच्या प्रमुखपदावरून ब्रिटिश अधिकारी काढून घेतले. उद्देश होता देशी व्यवस्थेला मोकळीक देण्याचा. परिणाम असा झाला की लाच खाणाऱ्यावर जो थोडा वचक होता तोही गेला. सरकारला हे ठाऊक नव्हते असेही नाही; 1922 आणि 1923 मध्ये ग्रायर आणि टॉमलिन्सन या दोन अधिकाऱ्यांच्या अहवालांनी या व्यवस्थेवर ताशेरे ओढले होते. अहवाल दप्तरी दाखल झाले.

मुखियाच्या दारी अन्याय झाला तर दाद कुठे मागायची? पूर्वी गावसभा होती. आता सभेने निकाल दिला तर ती बेकायदा, देवस्थानाने कौल दिला तर गुन्हा. 1925 मध्ये बायकांचे जथे हातात झाडू घेऊन गावोगाव नाचत, अंगणे आणि मुखियांची दारे झाडत फिरले. जुने रिवाज परत आणा, नवी नाणी टाका, असा त्यांचा संदेश होता. अधिकाऱ्यांनी ते खूळ म्हणून सोडून दिले. झाडू घेऊन आलेल्या बायका काही झाडू पाहत होत्या, एवढे त्यांना सुचू नये याचे मला अजून आश्चर्य वाटते.

मग कर आला. पूर्वेकडच्या प्रांतांत थेट कर तोवर नव्हता. 1926 मध्ये पुरुषांची शिरगणती झाली, आणि 1928 मध्ये त्याच यादीवरून डोईपट्टी बसली. मोजले की पुढे पैसे मागतात, हा धडा गावांना एका खेपेतच मिळाला. 1929 मध्ये पामतेलाचे भाव पडत होते. तेल काढायचे कष्ट बहुतांशी बायकांचे होते आणि आतल्या गरांचा पैसा त्यांचा हक्काचा होता, म्हणून भाव पडल्याची झळ आधी त्यांना. अशा वेळी बेंडे विभागातल्या नव्या अधिकाऱ्याने याद्या अपुऱ्या ठरवल्या आणि मुखियांना सांगितले, बायका, मुले, जनावरे, सगळे मोजा.

ओलोको गावचा मुखिया ओकुगो. त्याने मोजणीला एमेरुवा नावाच्या माणसाला पाठवले. नोव्हेंबरात एका सकाळी तो न्वान्येरुवाच्या अंगणात गेला. ती विधवा, तेल काढत बसली होती. त्याने तिला शेळ्या, मेंढ्या आणि माणसे मोजायला सांगितले. तिने उलट विचारले, तुझ्या आईला कोणी मोजले होते का? बाचाबाची झाली, झटापट झाली, आणि ती तडक बायकांच्या बैठकीकडे गेली. बायका आधीच या विषयावर बोलायला जमत होत्या. एखाद्या मुखियाने बायकांची मोजणी सुरू केली की काय करायचे हे ठरलेले होते. ताडाची कोवळी पाने गावोगाव रवाना झाली. ज्या गावाला पान पोचले त्या गावाने पुढच्या गावाला पान पाठवायचे.

दोन-तीन दिवसांत ओकुगोच्या अंगणात हजारो बायका. त्यांनी तिथे जे केले त्याला नवीन काही म्हणता येणार नाही. बायकोला छळणाऱ्या, बाजाराचे नियम मोडणाऱ्या पुरुषावर बसायची त्यांची जुनी रीत होती: त्याच्या दारात मुक्काम टाकायचा, रात्रभर नाचायचे, त्याची लक्तरे काढणारी गाणी म्हणायची, मुसळांनी त्याच्या भिंती ठोकायच्या, वेळ पडली तर छप्पर उतरवायचे, आणि तो माफी मागेपर्यंत हलायचे नाही. त्या दिवशी डोक्याला पाने, अंगाला राख, हातात पानांनी मढवलेल्या काठ्या. फरक इतकाच की ज्याच्यावर बसायचे तो आता सरकारी माणूस होता. ओकुगोने काही बायकांना मारले, तेव्हा बायका त्याला अटक करा म्हणून साहेबाकडे गेल्या. जिल्हा अधिकारी कॅप्टन हिलने ओकुगोला पकडून खटला चालवला. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. बायकांना त्याची अधिकाराची टोपी हवी होती. हिलने ती गर्दीत फेकली. शिकारी कुत्र्यांपुढे कोल्ह्याचे धूड टाकावे तसे झाले, असे त्याने नंतर नोंदवले. टोपीचे काय झाले हे त्याला दिसले, टोपीच का हे दिसले नाही.

ओलोकोत बायका जिंकल्या होत्या. बातमी पसरली ती जिंकल्याची, आणि म्हणूनच पेट घेतला. आबा, ओवेरी, ओपोबो, कालाबार प्रांतातली इबिबिओ गावे. हे युद्ध नुसते इग्बोंचे नव्हते. इबिबिओ, अंडोनी आणि इतरही समाज त्यात होते. आबाला दहा हजारांच्या आसपास बायका जमल्या. तिथे एका डॉक्टरच्या मोटारीखाली दोघी मेल्या आणि मग बँक, वखारी, दुकाने फुटली. एकूण सोळा नेटिव्ह कोर्टांवर हल्ले झाले, त्यातली बरीचशी मोडली किंवा जाळली. तुरुंगातले कैदी सुटले. बायकांच्या हातून मात्र कोणी मेले नाही.

16 डिसेंबरला ओपोबोला जे झाले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. बायकांनी अधिकाऱ्यापुढे मागण्या ठेवल्या. बायकांवर कर नको. बायकांची मालमत्ता मोजायची नाही. बाजारातल्या छपराचे भाडे नको. पुरुषांवरचाही कर नको. अमुक माणूस मुखिया म्हणून नको. अधिकाऱ्याने हे लिहून द्यायचे कबूल केले आणि टंकलेखन सुरू झाले. एक प्रत पुरणार नाही, प्रत्येक गावासाठी वेगळी प्रत हवी, असा बायकांचा हट्ट होता. तोंडी आश्वासनांचा त्यांना अनुभव होता आणि लेखी कागदाची ताकद त्यांनी नेटिव्ह कोर्टात पाहिली होती. प्रती टंकलिखित होत असतानाच कुंपणापाशी रेटारेटी वाढली आणि बंदोबस्ताच्या तुकडीच्या लेफ्टनंटने गोळीबाराचा हुकूम दिला. तीसहून अधिक बायका जागीच मेल्या. घाबरून नदीकडे पळालेल्या काही बुडाल्या. सबंध संघर्षात सरकारी हिशोबानेच पन्नासहून अधिक मृत्यू झाले.

ज्यांनी कागदाच्या प्रती मागितल्या त्यांच्या या उठावाला सरकारने आबाची दंगल असे नाव दिले. इग्बो भाषेत ते बायकांचे युद्ध. कोणते नाव घ्यायचे यावर वाचकाने स्वतःच ठरवावे, पण दंगलीत मागण्यांच्या पाच-सहा कलमांची प्रत मागत नाहीत, एवढे नक्की.

कराच्या भीतीने हे घडले, भाव पडल्याने घडले, असे आर्थिक स्पष्टीकरण बरेच अभ्यासक देतात. मी ते नाकारत नाही. भाव पडले नसते तर नोव्हेंबर 1929 हा मुहूर्त आला नसता. पण कारण आणि लक्ष्य वेगळे असते. बायकांनी टोपी मागितली, कोर्टे जाळली, मुखिया बदला म्हटले. नंतर नेमलेल्या चौकशी समितीपुढच्या साक्षींत आणि निवेदनांत पुन्हा पुन्हा येते ते मुखियांच्या जुलमाचे आणि बिघडलेल्या मुलखाचे गाऱ्हाणे. न्यायाला बसणारी माणसे गावाने नेमावीत, एकाच माणसाला तिथे चिकटू देऊ नये, अशी त्यांची धारणा दिसते. कर हा निमित्ताचा भाग होता; राज्य कोणी करायचे हा मूळ वाद. पुरुष डोईपट्टी भरत होते, कोर्टात लाच देत होते आणि कुरकुरत होते. बायकांची संघटना साहेबाच्या नजरेत कधी आलीच नव्हती, म्हणून ती मोडली गेली नव्हती. पुरुषांच्या गावसभेचे अधिकार काढून घेतले, बायकांच्या बैठकीचे काढायचे राहून गेले, कारण ती असते हेच माहीत नव्हते. पत्ता नसण्याचा असाही एक फायदा.

पहिली चौकशी समिती दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांची होती आणि तिने गोळीबार करणाऱ्यांना जवळपास दोषमुक्त केले. दुसरी सरन्यायाधीश डोनाल्ड किंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली बसली. तिच्यात सर किटोयी अजासा आणि एरिक मूर हे दोन आफ्रिकी वकीलही होते. तिने बायकांच्या साक्षी नोंदवल्या, आणि या युद्धाचे आपल्यापर्यंत पोचलेले बहुतेक ज्ञान त्या साक्षींमधले आहे. त्यानंतर सरकारने गावागावांतल्या जुन्या व्यवस्थेचे अहवाल ढिगाने तयार करून घेतले. सी. के. मीक, सिल्विया लेथ-रॉस, मार्गारेट ग्रीन यांच्यासारखे अभ्यासक येऊन बसले. तीस वर्षे राज्य केल्यावर इथे काय होते हे विचारायची बुद्धी झाली. 1933 पर्यंत वॉरंट चीफची पद्धत गेली. कोर्टात आता भावक्यांचे अनेक प्रतिनिधी बसू लागले, क्वचित कुठे एखादी बाईसुद्धा. बायकांवर कर बसला नाही. पुरुषांवरचा राहिला.

यश की अपयश? या प्रश्नावर मला रोमँटिक व्हायचे नाही. बिनराजाच्या समाजाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याच समाजातले ओसु विसरू नयेत: देवाला वाहिलेली माणसे आणि त्यांचे वंशज, ज्यांच्याशी लग्न निषिद्ध, ज्यांना गावसभेत मान नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे वेगळे स्पष्टीकरण लागू नये. पूर्व प्रदेशाच्या विधिमंडळाने 1956 मध्ये कायदा करून ही प्रथा रद्द केली, तरी लग्नाच्या वेळी ती अजूनही डोके वर काढते. आरोंचा गुलामव्यापारही याच बिनराजाच्या मुलखात भरभराटला. त्याला आवर घालील अशी मोठी सत्ता नव्हती हे त्याचे एक कारण. समतेची व्यवस्था आतून समान असतेच असे नाही.

आणि युद्ध म्हणून पाहिले तर ही रचना तोकडी पडली. एकुमेकुने जी गावे एका शपथेत आणली त्यांच्या पलीकडे शपथ गेली नाही. पूर्वेकडच्या गावांनी एकेकटी लढून एकेकटी हार खाल्ली. 1929 च्या बायकांना टोपी हिसकावता आली, लिहून घेता आले, पण पुढच्या व्यवस्थेत आपली जागा राखता आली नाही. सुधारणेनंतरची मंडळे आणि कोर्टे मुख्यतः पुरुषांची राहिली, आणि माहेरवाशिणींच्या अधिकाराला कायद्यात कुठेच स्थान मिळाले नाही. साहेबाने या युद्धातून पुरुषांच्या सभेबद्दल धडा घेतला, बायकांच्या बैठकीबद्दल फारसा नाही. पराभव म्हणायचा तर तो इथे आहे. ओपोबोच्या कुंपणापाशी नव्हे.

तरी तुलनेसाठी उत्तर नायजेरियाकडे पाहावे. तिथे अमीर राहिले, आणि त्यांच्याआडून ब्रिटिश सत्ता राहिली ती कोणी फार हलवली नाही. दक्षिण-पूर्वेला 1949 मध्ये एनुगूच्या इव्हा व्हॅलीतल्या कोळसा कामगारांनी थकलेल्या पगारासाठी मंदगतीने काम सुरू केले. 18 नोव्हेंबरला पोलिसांच्या गोळीबारात 21 कामगार मेले, आणि त्या मृत्यूंनी सबंध नायजेरियाचे राजकारण ढवळून निघाले. आपल्या डोक्यावर कोणी बसवला तर विचारायचे, याची त्या मुलखाला सवय होती.

ब्रिटिश गेले 1960 मध्ये. लष्करी राजवटीत 1976 साली स्थानिक कारभाराची फेररचना झाली, आणि त्यानंतर इग्बो राज्यांनी प्रत्येक समुदायाला सरकारमान्य पारंपरिक राजा असावा असे कायदे केले. आज पूर्व नायजेरियात अशा एझेंची संख्या शेकड्यांत आहे; ज्या गावांना कधी राजा नव्हता तिथे राजवाड्यांच्या पाट्या आहेत, गादीच्या वारसाचे खटले आहेत, आणि नवी गादी मिळवण्यासाठी गावांचे तुकडे पाडण्याची चढाओढ आहे. ओलोकोच्या बायकांनी जी टोपी फाडली ती त्यांच्याच नातवंडांच्या सरकारने राजपत्रात छापून परत दिली. याला परंपरा म्हणणे साफ खोटे आहे.